डबा माझ्या घरात, किल्ली कुणाकडे?

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला नातेवाईक काही कामं हक्काने सांगतात. प्रिंटर का चालत नाही ते बघ, मोबाईल कुठला घेऊ ते सांग, आणि हल्ली त्यात भर पडली आहे ती 'राउटर कुठला घेऊ रे?' या प्रश्नाची. मी दिवसभर डेटाबेसच्या क्वेऱ्या लिहितो, माझा आणि राउटरचा धंद्याने काही संबंध नाही. पण गेल्या काही वर्षांत आमच्या पुण्याच्या फ्लॅटमधल्या आणि आई-बाबांच्या गावच्या घरातल्या डब्यांशी इतकी झटापट झाली आहे की या विषयावर माझं एक ठाम मत तयार झालंय. ते इथे एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक देता येईल :)

मत असं, की आपण राउटरला चुकीच्या परीक्षेला बसवतो. शेजारी उभं राहून स्पीड टेस्ट करायची, काटा १०० वर गेला की राउटर पास! मला विचाराल तर दोनच गोष्टी बघा. घरातले सगळे एकदम वापरायला लागले की तो कसा वागतो, आणि बिघडला तर घरातल्या साध्या माणसाला तो हाताळता येतो का. यातली दुसरी गोष्ट तर कुठल्याच रिव्ह्यूमध्ये नसते.

पूर्वी हे सगळं सोपं होतं. २००५ साली बीएसएनएलचं 'डेटावन' आलं तेव्हाचे दिवस आठवा. (रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असलेला प्लॅन कुणाकुणाकडे होता? गजर लावून उठायचो!) सरकारच्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. खांबावरून तांब्याची तार यायची, पावसाळ्यात तिच्या सांध्यांत पाणी जायचं आणि मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकत बसायचा. खराब लाइनवरही जो तग धरतो तो चांगला मोडेम, इतकी सोपी व्याख्या होती. सगळी अडचण घराबाहेर होती. पुढे सरकारी व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. प्रत्यक्षात शहरात तर सोडाच, तालुक्याच्या गावीही फायबर येऊन पोचलंय आणि १०० एमबीपीएसच्या प्लॅनचं कुणाला कौतुक राहिलेलं नाही. म्हणजे बाहेरचा रस्ता रुंद झाला. अडचण आता घराच्या आत आली आहे, ती त्या डब्यात. आपण मात्र अजून बाहेरचाच रस्ता मोजतोय.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. 'एसी १२००' असं लिहिलेला राउटर तुम्हाला १२०० एमबीपीएस देत नाही. २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, यांची बेरीज होते ११६७, ती फुगवून १२००. तुमचा फोन साधारणपणे एका वेळी एकाच बँडवर असतो आणि हे आकडेही कागदावरचे कमाल आकडे. त्याहून मजेशीर प्रकार स्वस्तातल्या राउटरमध्ये असतो. वर '३०० एमबीपीएस' छापलेलं, आणि मागचे केबलचे पोर्ट मात्र १०० चे! २०० चा प्लॅन घेऊन असा राउटर लावलात तर कितीही आपटा, ९४-९५ च्या वर काटा जाणार नाही. कस्टमर केअरशी भांडण्याआधी मागचे पोर्ट गिगाबिटचे आहेत का एवढं बघून घ्या. असो.

आता पहिल्या मुद्द्याकडे येतो, कारण ज्यांच्या घरात दोघं घरून काम करतात त्यांचा रोजचा जीव इथेच जातो. आमच्याकडे १०० चा प्लॅन. बायकोचा कॉल एका खोलीत, माझा दुसरीकडे. एका व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुष्कळ होतात, म्हणजे दोन कॉलना १०० तले दहासुद्धा लागायला नकोत. तरी अधूनमधून आवाज तुटायचा, चेहरे गोठायचे आणि "तू म्यूटवर आहेस का?" सुरू व्हायचं. स्पीड टेस्ट केली की झकास १००! शेवटी एका रविवारी लॅपटॉप केबलने जोडला, एका खिडकीत पिंग चालू ठेवलं आणि दुसरीकडे एक मोठी फाइल अपलोडला लावली. रिकाम्या लाइनवर पाच-सहा मिलिसेकंद असलेलं पिंग तीनशे-चारशेवर गेलं. अपलोड थांबवलं की परत पाच-सहा. म्हणजे घरातल्या कुणाच्याही फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की आमच्या मीटिंगचं वाटोळं. बोलण्याचा उशीर एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर माणसांना तो जाणवत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. आम्ही त्याच्या पार पलीकडे होतो.

या दुखण्याला नाव आहे, 'बफरब्लोट'. जिम गेटिस या अमेरिकन प्रोग्रामरला २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या कनेक्शनवर हेच दिसलं, आणि त्याने ते खणून काढलं. प्रकार असा आहे. बँकेत एकच काउंटर आहे. गर्दी होते म्हणून मॅनेजरने बसायचा हॉल मोठा केला, दोनशे खुर्च्या टाकल्या. त्याने काउंटरचा वेग वाढतो का? नाही. फक्त रांग मोठी होते. आता एक दुकानदार नाण्यांच्या पन्नास थैल्या घेऊन आला आणि त्याच्या मागे तुम्ही नुसतं पासबुक भरून घ्यायला उभे आहात. तुमचं काम अर्ध्या मिनिटाचं, पण थैल्या संपेपर्यंत उभे राहा! मेमरी स्वस्त झाली म्हणून डबे बनवणाऱ्यांनी आत मोठमोठे हॉल बांधले. एकही पॅकेट वाया जाऊ नये हा उदात्त हेतू. पण कॉलमधलं पॅकेट अर्ध्या सेकंदाने पोचलं काय आणि न पोचलं काय, सारखंच.

आणि खरी चीड येते ती यापुढे. यावर उपाय केव्हाच निघालाय. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये 'कोडेल' नावाची पद्धत मांडली. त्यातून पुढे 'एफक्यू-कोडेल' आलं, २०१८ मध्ये त्याचा आरएफसी निघाला. कल्पना अगदी शहाण्या मॅनेजरची. प्रत्येकाची वेगळी रांग करा, आळीपाळीने एकेकाला बोलवा, आणि एखादी रांग फारच तुंबली तर त्यातल्या एखाद्याला सरळ परत पाठवा म्हणजे मागून पाठवणारा आपोआप हात आखडता घेईल. हे सगळं लिनक्समध्ये फुकट उपलब्ध आहे, आणि आपल्या घरातल्या बऱ्याच डब्यांच्या पोटात लिनक्सच असतं. तरी कंपनीने दिलेल्या डब्यात हे तुम्हाला बहुधा सापडणार नाही. का? कारण विकताना '३०० एमबीपीएस' असं छापता येतं, 'गर्दीतही तुमचा आवाज तुटणार नाही' असं छापता येत नाही. ग्राहक मोजतो वेग, म्हणून कंपनी सुधारते वेग. यात दोष थोडा आपलाही आहे.

मी ओपन-डब्ल्यूआरटी चालणारा राउटर घेऊन त्यात हे लावलं. त्यासाठी लाइनच्या वेगाच्या नव्वदेक टक्क्यांवर स्वतःच मर्यादा घालावी लागते, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या हुशार डब्यात लागते. १०० चे ९० झाले. स्पीड टेस्टमध्ये आमचा राउटर आता अधिकृतपणे पूर्वीपेक्षा वाईट आहे! पण अपलोड चालू असताना पिंग वीसच्या वर जात नाही आणि घरातली भांडणं कमी झाली. एक सांगून ठेवतो, या कामाला राउटरचा प्रोसेसर बऱ्यापैकी राबतो, त्यामुळे स्वस्त राउटर पाचशे-हजारच्या प्लॅनवर दमतो. आणि वाय-फायच्या रेडिओतही अशीच रांग लागू शकते, त्यामुळे चाचणी आधी केबलवर करा, मग वाय-फायवर. ओक्लाच्या स्पीडटेस्टमध्ये आता डाउनलोड आणि अपलोड चालू असतानाचं पिंग वेगळं दाखवतात. मोठ्या आकड्याकडे न बघता त्या बारक्या आकड्यांकडे बघा.

रेंजबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात राउटरपेक्षा घराचा दोष जास्त. जोडणीवाला मुलगा दाराजवळ भोक पाडतो आणि डबा तिथेच टीव्हीच्या वर ठोकून जातो. मग मागच्या बेडरूमपर्यंत दोन विटांच्या भिंती, एक काँक्रीटचा बीम, एक लोखंडी कपाट आणि एक भला मोठा आरसा. ५ गिगाहर्ट्झची लहर तिथे पोचेल अशी अपेक्षा धरणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. २.४ वाली पोचते, पण तिथे सोसायटीतल्या तीस घरांचा कोलाहल. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. एका रेडिओचा रिपीटर लावला तर तो ऐकतो आणि तेच परत ओरडून सांगतो, म्हणजे वेग निम्मा. रंगकाम निघेल तेव्हा जुन्या टेलिफोनच्या पाइपातून एक कॅट-६ केबल ओढून घ्या आणि मागे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. महागड्या मेशपेक्षा हे स्वस्त आणि मस्त.

आता दुसरा मुद्दा, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो.

आई-बाबांकडे गावी फायबर आहे. टीव्ही त्यावर. घरचा लँडलाइन फोनही आता त्याच डब्याच्या मागे खोचलेला. आणि जुन्या जाड भिंतींमुळे घरात मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे बाबांचा मोबाईलही कॉल लावतो तो वाय-फायवरूनच. म्हणजे एक डबा बंद पडला की सगळंच बंद. मागच्या पावसाळ्यात नेट गेलं म्हणून बाबांनी कस्टमर केअरला फोन केला आणि मग अंगणात जाऊन मला.

"अरे, त्या मुलीने सांगितलं रीसेट करा, म्हणून मागच्या भोकात टाचणी घातली. आता दिवे सगळे लागतायत, पण टीव्ही नाही आणि फोनही मेलाय."

"बाबा, वाय-फायचं नाव काय दिसतंय तुम्हाला?"

"काहीतरी इंग्रजी अक्षरं आणि आकडे."

संपलं! त्या मुलीला म्हणायचं होतं बंद करून चालू करा. बाबांनी शब्दशः रीसेट केलं, म्हणजे आतली सगळी माहिती, लॉगिन, फोनची जोडणी, सगळं पुसलं गेलं. यात बाबांची काहीही चूक नाही. 'रीस्टार्ट' आणि 'रीसेट' या शब्दांत ज्या यंत्राचा जीव अडकलाय, त्याच्यावर या दोन्हींचा अर्थ एक ओळ मराठीत छापायला काय जातं? शनिवार दुपार ते सोमवार संध्याकाळ, सत्तरी ओलांडलेली दोन माणसं घरात फोनशिवाय होती. पूर्वी तांब्याच्या तारेवरच्या फोनला ४८ व्होल्ट एक्सचेंजमधूनच यायचे. गावात वीज नसली तरी फोन चालायचा. आता वीज गेली की डबा बंद, डबा बंद की फोन बंद. रात्री बाबांच्या छातीत दुखलं असतं तर आईने कुठून फोन केला असता, हा विचार मी त्या दोन रात्री बऱ्याचदा केला.

सोमवारी तंत्रज्ञ आला. अतिशय सज्जन मुलगा, दहा मिनिटांत सगळं चालू केलं. मी फोनवरूनच विचारलं, "दादा, याचा अ‍ॅडमिन पासवर्ड मिळेल का?"

"सर, तो कंपनी देत नाही. काही लागलं तर मला व्हॉट्सअ‍ॅप करा ना."

बघा म्हणजे. डबा आमच्या भिंतीवर, वीज आमची, महिन्याचे पैसे आमचे, आणि आत काय चाललंय ते बघायची मुभा नाही. १९२.१६८.१.१ उघडून डब्यावर छापलेल्या पासवर्डने आत गेलं की जेमतेम वाय-फायचं नाव बदलता येतं. फायबरमधून प्रकाश किती येतोय हा आकडा दिसत नाही. (तो साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मध्ये हवा. उणे २७ च्या आसपास असेल तर कुठेतरी केबल वाकली आहे किंवा जोड खराब आहे, म्हणजे पावसाळ्यात बोंब होणार हे आधीच कळतं.) फर्मवेअर कधीचं आहे ते कळत नाही, जोडणीची माहिती जपून ठेवता येत नाही.

कंपनीची बाजूही आहे, ती सांगायला हवी. लाखो ग्राहकांच्या डब्यांची देखभाल दुरून करता यावी म्हणून 'टीआर-०६९' नावाची व्यवस्था असते. बाबांसारख्या ग्राहकाला स्वतः अपडेट करायला सांगणं व्यवहार्य नाही हेही खरं. पासवर्ड लोकांच्या हातात देऊन काय होतं ते २०१६ च्या 'मिराई'ने दाखवलं. कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून त्याने जगभरातले कॅमेरे आणि राउटर काबीज केले. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम मालवेअरने बंद पाडले, तेही मूळचा पासवर्ड न बदललेले. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं कनेक्शन कोलमडलं ते कशावरच्या हल्ल्याने? दुरून देखभाल करायच्या त्याच दारावर! म्हणजे किल्ली फक्त कंपनीकडे ठेवली म्हणून घर सुरक्षित होतं असंही नाही.

माझं म्हणणं एवढंच, की एक किल्ली त्यांच्याकडे जरूर असू दे, पण दुसरी माझ्याकडे हवी. सोसायटीच्या ऑफिसात आपण फ्लॅटची डुप्लिकेट किल्ली ठेवतो, मूळ किल्ली देऊन टाकत नाही. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे, की ग्राहकाला स्वतःचा राउटर किंवा मोडेम लावू द्यावाच लागतो आणि त्यासाठी लागणारी माहिती कंपनीने द्यावीच लागते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या यंत्रांना एकच सोपा पासवर्ड घालून विकायला बंदी आहे. हे दोन नियम एकत्र केले की आपल्याला हवं ते बरंचसं मिळतं. आपल्याकडे ग्राहक मंडळी दरमहा किती जीबी मिळतात यावर हिरिरीने भांडतात, डब्याच्या किल्लीवर कुणी भांडत नाही.

तोपर्यंत काय करायचं? नवीन जोडणी घेताना, तंत्रज्ञ घरात असेपर्यंतच, सगळं मागून घ्या. तो दाराबाहेर पडला की ते मिळणं अवघड. जोडणीचं लॉगिन आणि पासवर्ड असेल तर ते लिहून घ्या, प्रकाशाचा आकडा त्याच्या फोनवर बघून घ्या, आणि डबा 'ब्रिज मोड'मध्ये टाकून देतोस का ते विचारा. ब्रिज केला की कंपनीचा डबा फक्त प्रकाशाचे विजेत रूपांतर करतो, बाकी सगळं तुमच्या राउटरकडे. मात्र काही ठिकाणी त्याने लँडलाइन फोन किंवा टीव्ही बंद पडतो, तेव्हा आधी विचारा. नाहीच जमलं तर त्यांच्या डब्याच्या मागे सरळ आपला राउटर जोडा आणि त्यांचं वाय-फाय बंद करा. डबल नॅट होतं, शुद्धतावादी नाकं मुरडतील, पण कॉल, टीव्ही, ऑफिसचं काम सगळं नीट चालतं. राउटरवर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर कंपनीनेही पुढे एक नॅट केलेलंच आहे. घरातला कॅमेरा थेट बाहेरून बघायचे बेत मग विसरा.

आणि आपला राउटर निवडताना मी आता शेवटची चाचणी बाबांच्या हाती देतो. चालू-बंदचं बटण बाहेरून दिसतं का? रीसेटचं भोक त्यापासून लांब आहे का? कुठला दिवा कशाचा ते चष्म्यातून वाचता येतं का? फोनवरून मी सांगितलं तर त्यांना करता येतं का? आमच्या गावच्या डब्यावर आता आईच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'लाल दिवा लागला तर काही करू नये, तक्रार नोंदवावी. दिवा हिरवा असून नेट नसेल तर बटण बंद करून दहा आकडे मोजावेत. टाचणी लावू नये.' एकही रिव्ह्यू मला इतका उपयोगी पडलेला नाही.

हां, मिनी यूपीएस घेताना अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. बरेच डबे १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत. पिनची जाडी आणि मधला भाग धन आहे का तेही बघा. कंपनीचा डबा आणि आपला राउटर दोन्ही त्यावर चालवायचे असतील तर दोघांचे अँपिअर मिळवून मगच घ्या.